विंडचीटरचे खांदे पाणी पितात: आधी धुलाई, मग इस्त्री, स्प्रे सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी घेतलेलं अडीच थरांचं रेन जॅकेट, दोन पावसाळे सह्याद्रीत वापरलेलं. पहिल्या वर्षी पाण्याचे थेंब घरंगळून जायचे. यंदा जुलैपासून खांदे आणि बाह्या गडद पडतात, आतला टी-शर्ट ओला होतो. मशीनमध्ये नेहमीची पावडर आणि कंडिशनर घालून दोनदा धुतलं, त्यानंतर प्रकरण आणखी बिघडलं. डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या बर्फाळ ट्रेकला जायचंय. वॉटरप्रूफिंगचा कोणता स्प्रे मारावा, की नवीन जॅकेटच घ्यावं?

स्प्रेपर्यंत येऊच, पण आधी एक गोष्ट ठरवायला हवी. जॅकेट गळतंय की नुसतं बाहेरून भिजतंय? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. टी-शर्ट दोन्हींत ओला होतो म्हणून त्या एकच वाटतात. गळतीवर बहुतेक वेळा ठिगळापलीकडे इलाज नसतो. बाहेरून भिजण्यावर मात्र जवळजवळ नेहमी असतो, आणि तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारात बसतं.

अडीच थरांच्या जॅकेटमध्ये बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड असतं, त्याच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा लेप किंवा पातळ पडदा चिकटवलेला असतो, आणि त्याला घाम-घर्षण लागू नये म्हणून वर नुसती छपाई केलेली असते. ती छपाई म्हणजे तो ‘अर्धा’ थर. पाणी अडवायचं काम आतल्या लेपाचं. बाहेरच्या कापडाच्या धाग्यांवर आणखी एक अगदी सूक्ष्म थर असतो, ज्याला डीडब्ल्यूआर (ड्युरेबल वॉटर रिपेलंट, म्हणजे पाणी झटकणारा टिकाऊ थर) म्हणतात. त्याचं काम पाणी अडवणं नाही, पाणी कापडावर टिकू न देणं आहे. अळवावरचं पाणी आठवा. पान कोरडं राहतं ते त्याच्यावरच्या मेणचट, खरखरीत पृष्ठभागामुळे. तेच पान बोटाने चोळलंत, तर चोळलेल्या जागी थेंब बसून राहतो. पान फाटलेलं नसतं, फक्त वरचा थर गेलेला असतो. तुमच्या जॅकेटच्या खांद्यांवर दोन वर्षं सॅकचे पट्टे हेच करत आले आहेत.

मग लेप शाबूत असेल तर टी-शर्ट का भिजतो? बाहेरचं कापड पाणी प्यायलं की घामाच्या वाफेला बाहेर पडायची वाट बंद होते. शिवाय ते ओलं कापड गार पडतं, आणि आतली वाफ त्या गार भिंतीवर थंडगार पाणी होऊन साठते. हात लावला की वाटतं, गळलं. त्यातलं बरंचसं पाणी तुमचंच असतं.

आणखी एक गोष्ट जॅकेट विकणारे सहसा सांगत नाहीत. ‘श्वास घेणारं’ कापड चालतं ते आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातल्या फरकावर. जुलैत ताम्हिणीत किंवा आंबोलीत बाहेर पंचवीस अंश तापमान आणि हवा पूर्ण दमट. त्वचेजवळ तेहतीस-चौतीस अंश. अशा वेळी वाफ बाहेर ढकलणारा जोर पाच अंशांच्या थंडीतल्या जोराच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणजे चढणीवर नवंकोरं, महागडं जॅकेटही आतून ओलं होणारच. तेव्हा ‘दुरुस्तीनंतर टी-शर्ट पूर्ण कोरडा राहील’ ही अपेक्षा पावसाळी सह्याद्रीपुरती सोडून द्या. काखेतल्या चेन उघड्या ठेवणं आणि चाल थोडी कमी करणं याचा तिथे कुठल्याही रसायनापेक्षा जास्त उपयोग होतो.

आता निदान. जॅकेट पूर्ण कोरडं करून टेबलावर पसरा. चमच्याने पाठीवर, खांद्यावर, बाहीवर आणि जिथे सॅकचा कमरपट्टा घासतो तिथे पाणी टाका आणि दोन मिनिटं थांबा. थेंब गोल राहून घरंगळले तर तिथला थर चांगला आहे. थेंब चपटे होऊन चिकटून बसले तर थर मळला आहे किंवा झोपला आहे. कापड गडद पडलं तर तिथे थर गेला आहे किंवा साबणाखाली पुरता दबला आहे. बहुतेक जॅकेटांत पाठ ठीक निघते आणि खांदे-मनगटं नापास होतात. तसंच निघालं तर बिघाड घर्षणाचा आणि मळाचा आहे. सगळं जॅकेट सारखंच गडद पडलं तर संशय कंडिशनरवर घ्या.

दुसरी चाचणी लेपाची. ज्या जागेचा संशय आहे तिथलं कापड एका पातेल्यावर खोलगट धरा. बाहेरची बाजू वर, आतली खाली, आणि खालून कोरडा टिश्यू पेपर टेकवा. खोलग्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा. बाहेरचं कापड भिजलं तरी हरकत नाही. टिश्यू कोरडा राहिला तर लेप शाबूत आहे. टिश्यूवर ठिपका उमटला तर तिथे भोक आहे किंवा लेप उडालाय. शिवणीच्या रेषेत ओल आली तर आतली शिवणपट्टी सुटली आहे. खांद्यावरच्या, टोपीच्या बुडाच्या आणि काखेच्या शिवणी अशा तपासून घ्या.

आणि जॅकेट उलटं करून आतून नीट पाहा. छपाईचे पांढरे पोपडे सुटतायत, हाताला चिकट लागतंय, आंबूस, ओकारीसारखा वास येतोय? असं असेल तर हे उत्तर इथेच थांबवा. हा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेतल्या पाण्याशी प्रक्रिया होऊन विघटित झाला आहे. धुऊन, फवारून, इस्त्री करून तो परत येत नाही. असं जॅकेट वाऱ्यापुरतं वापरा आणि पावसासाठी नवीन घ्या. कोकण, मुंबई, गोव्यात हा प्रकार फार दिसतो. कारण बहुधा वापर नसतं, माळ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काढलेलं वर्ष असतं.

काही गोष्टी जॅकेटच्या जातीवर अवलंबून आहेत. स्कूटरवर घालायचा पीव्हीसीचा रेनकोट असेल तर यातलं काहीच लागू नाही. तो सगळाच प्लॅस्टिक असतो, साबणपाण्याने पुसा आणि इस्त्री तर चुकूनही लावू नका, वितळेल. सिलिकॉन मुरवलेल्या नायलॉनच्या हलक्या पोंचोवर पाण्यातला स्प्रे धरत नाही, त्याला सिलिकॉनचंच द्रावण लागतं. आत कापूस किंवा पिसं भरलेलं जॅकेट असेल तर पद्धत वेगळी. पुढचं सगळं दोन, अडीच किंवा तीन थरांच्या पावसाळी जॅकेटसाठी आहे. आणि मी काहीही लिहिलं तरी आतल्या शिवणीतलं लेबल आधी वाचा. पाण्याच्या टबात आकडा असेल तर ती धुण्याची कमाल तापमान-मर्यादा. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन टिंबं म्हणजे १५० अंशांपर्यंत. चौकोनात वर्तुळ म्हणजे गरम हवेचा ड्रायर. फुली असेल तर ते करायचं नाही.

धुण्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण बरीच जॅकेटं नुसत्या नीट धुण्याने आणि उष्णतेने सुधारतात. लोक नेमकं हेच टाळतात. ‘धुतलं की वॉटरप्रूफिंग जातं’ ही समजूत पक्की बसलेली आहे. खरं तर वॉटरप्रूफिंग जातं ते चुकीच्या साबणाने, आणि त्याहून जास्त न धुण्याने. कॉलरला लागलेलं मानेचं तेल, सनस्क्रीन, डासांचं क्रीम, चुलीचा धूर हे सगळं तेलकट असतं. तेल धाग्यावर बसलं की डीडब्ल्यूआर त्याच्याखाली गाडला जातो, आणि आतल्या बाजूने तेच तेल लेप आणि शिवणपट्टीचा गोंद सैल करतं. म्हणून लेप सुटायला सुरुवात बहुधा कॉलरपासून होते.

नव्या जॅकेटांबाबत हे जास्तच खरं आहे. पूर्वीचे थर लांब साखळीच्या फ्लोरिन-रसायनांचे असत. ते पाणी आणि तेल दोन्ही झटकत. पण ही रसायनं निसर्गात नष्ट होत नाहीत. त्यांच्यातलं पीएफओए हे २०१९ मध्ये अशा घातक, टिकून राहणाऱ्या रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेलं, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत पीएफएएस (याच फ्लोरिन-रसायनांचं सगळं कुटुंब) वापरायला मनाई झाली, आणि कंपन्या फ्लोरिनविरहित थरांकडे वळल्या. हे नवे थर पाणी छान झटकतात, तेल मात्र झटकत नाहीत. म्हणजे पूर्वीचं जॅकेट दोन सीझन न धुता खपून जायचं, आताचं जात नाही.

तुमच्या बाबतीत पावडर आणि कंडिशनर हे दोन स्वतंत्र गुन्हेगार आहेत. पावडर पूर्ण विरघळत नाही, कण विणीत अडकतात. डिटर्जंटचा स्वभावच पाण्याला कापडात ओढायचा, त्यामुळे उरलेला प्रत्येक कण पाण्याला आवतण देतो. कंडिशनर त्याहून वाईट. ते धाग्याला चिकटून राहण्यासाठीच बनवलेलं असतं, एका विसळण्यात जात नाही. बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबण आणि क्षार मिळून पांढरट राप बसतो तो वेगळाच. म्हणून तुमचं जॅकेट दोनदा धुवावं लागेल. एकदा कंडिशनर काढायला, एकदा खरं धुवायला.

मशीनबद्दल: समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये, नाजूक कपड्यांच्या सायकलवर, तीस अंशांना आणि सगळ्यात कमी स्पिनवर चालतं. त्याआधी मशीनमधला साबणाचा खण काढून नळाखाली घासून घ्या, तिथे जुन्या पावडरीचा थर असतो. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये मी जॅकेट घालत नाही. पाणी आरपार जात नसल्याने त्याचा फुगा होतो, स्पिनमध्ये वजन एका बाजूला जातं आणि मशीन जोरात हादरतं. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तकात वॉटरप्रूफ कपडे स्पिन करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्यापेक्षा बादली बरी.

सगळे खिसे रिकामे करून चेन लावा, वेल्क्रो बंद करा (उघडा वेल्क्रो कापड खरवडतो) आणि दोऱ्या सैल सोडा. लाल माती लागली असेल तर ती आधी वाळू द्या, मऊ ब्रशने झटका, मग साध्या पाण्याने वाहवून टाका. ओली माती घासली की विणीत जाऊन बसते. मग दहा लिटर कोमट पाणी घ्या, मनगटाला सुखाने सोसेल इतकंच. त्यात तांत्रिक कपड्यांसाठीचं द्रव क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका. एका जॅकेटला हाताने धुताना ते साधारण ५० मिलीच्या आसपास असतं. निकवॅक्स, ग्रँजर्स यांची मिळतात, ट्रेकिंगच्या दुकानात किंवा ऑनलाइन. नसेल मिळत तर कंडिशनर आणि चमक आणणारं काही नसलेलं साधं द्रव डिटर्जंट एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, पुरेसं आहे. फेस कमी वाटला म्हणून दुसरा चमचा टाकू नका.

कॉलर, टोपीची कड, मनगटं आणि काखा इथे आतल्या बाजूने तेच क्लीनर थोडं थेट लावून दहा मिनिटं ठेवा आणि मऊ स्पंजने पुसा. अडीच थरांच्या जॅकेटची आतली छपाई नाजूक असते, तिथे ब्रश नको. मग जॅकेट पाण्यात दाबून-सोडून पंधरा मिनिटं खेळवा. धोपटायचं नाही, पिळायचं नाही, रात्रभर भिजत ठेवायचं नाही.

आता विसळणं. एक-दोनदा विसळून बहुतेक जण थांबतात आणि मग स्प्रेला दोष देतात. दर वेळी नवं पाणी घेऊन किमान चार वेळा विसळा. बाह्यांत आणि टोपीत साबणपाणी अडकतं, ते उलटं करून ओता. पाचव्या पाण्यातलं थोडं पारदर्शक बाटलीत भरून जोरात हलवा. फेस दहा सेकंदांत विरला तर ठीक. टिकला तर अजून विसळा. कंडिशनर लागलेल्या जॅकेटला सात-आठ पाणी सहज लागतात. पाणी जड असेल तर शेवटचं एक पाणी फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर जॅकेट आधी घराबाहेर नेऊन कोरडंच झटका. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात भिजवलेलं फडकं त्या जागी वीस मिनिटं ठेवा आणि नंतर वरीलप्रमाणे धुवा. कुबट वास जातो, ठिपक्याचा डाग बऱ्याचदा तसाच राहतो. डाग घालवायला ब्लीच वापरलंत तर डागाबरोबर लेपही जाईल. ड्रायक्लीनिंगचंही तेच.

निथळू द्या, जाड हँगरवर सावलीत पंख्याखाली टांगा, अर्धं वाळल्यावर उलटं करा. ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात वाळेल हे खरं, पण कडक ऊन नायलॉनला मानवत नाही.

वाळल्यावर चमच्याची चाचणी पुन्हा करा. थोडी सुधारणा दिसेल, कदाचित दिसणारही नाही. निराश होऊ नका, कारण अजून उष्णता द्यायची आहे. डीडब्ल्यूआरचे रेणू धाग्यावर उभ्या केसांसारखे असतात अशी कल्पना करा. वापराने आणि धुण्याने ते आडवे पडतात, उष्णतेने पुन्हा उभे राहतात. कोरड्या जॅकेटला गरम हवेच्या ड्रायरमध्ये मध्यम उष्णतेवर वीस मिनिटं, ही सगळ्यात चांगली पद्धत.

इथे एक घोटाळा होतो तो मिटवून टाकू. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला ड्रायर म्हणतात. तो फक्त गरगर फिरवून पाणी काढतो, त्यात उष्णता नसते. तो ड्रायर इथे उपयोगाचा नाही, उलट वर सांगितलेला फुग्याचा धोका त्यातही आहे. खरा गरम हवेचा ड्रायर घरी नसेल तर स्वतः वापरायच्या मशीन असलेल्या लाँड्रीत मिळतो. तिथे आधीच्या माणसाने सुगंधी कंडिशनरचे कागद वापरले नाहीत ना, एवढं विचारा.

नाहीतर इस्त्री. वाफ बंद, डायल ‘नायलॉन’वर म्हणजे सगळ्यात खाली. जॅकेटवर पातळ कोरडा सुती पंचा अंथरा. आधी आतल्या घडीच्या कोपऱ्यावर पाच सेकंद लावून पाहा. कापड आक्रसलं किंवा चिकटलं नाही तर पुढे जा. एका जागी आठ-दहा सेकंद, मग पुढे, असं सगळं बाहेरून फिरवा. खांद्यांना आणि बाह्यांना दोनदा. आतल्या बाजूने इस्त्री नको. छापलेल्या लोगोवर, परावर्तक पट्ट्यांवर आणि चेनच्या रबरी कडेवर नको. शिवणपट्टी उष्णतेनेच चिकटवलेली असते, तेव्हा शिवणीवर रेंगाळूही नका. जुन्या हलक्या इस्त्र्यांचे डायल फार विश्वासाचे नसतात, म्हणून पंचा सोडू नका. आणि जॅकेट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे देऊ नका. कोळशाच्या इस्त्रीला तापमान मोजायची सोय नसते. हेअर ड्रायरने छोट्या जागेपुरतं काम होतं, पूर्ण जॅकेटला उष्णता सारखी पोचत नाही.

गार झाल्यावर परत चमचा. तुमच्या जॅकेटची पाठ आणि छाती बहुधा इथेच पास होईल. खांदे आणि मनगटं नापास राहिली तर तिथला थर खरंच झिजला आहे. आता स्प्रे घ्या. म्हणजे क्रम असा झाला: तपासा, धुवा, पुरेपूर विसळा, वाळवा, उष्णता द्या, पुन्हा तपासा, आणि मगच रसायन. उलट्या क्रमाने गेलात तर स्प्रे मळावर बसतो आणि पहिल्या दोन पावसांत मळाबरोबर निघून जातो.

दोन प्रकार मिळतात: पाण्यात मिसळून जॅकेट बुडवायचं आणि फवारायचं. बुडवायच्या प्रकारात आतली बाजूही पाणी झटकायला लागते. जाळीचं अस्तर असलेल्या जॅकेटला ते नको, कारण अस्तराने घाम शोषायचा असतो. तुमचं नुकसान ठरावीक जागी आहे, म्हणून फवारायचाच घ्या. ३०० मिलीची बाटली साधारण दोन जॅकेटांना पुरते. पाण्यावर आधारित असलेला बघा. चपलाबुटांसाठीचा स्वस्त सिलिकॉन स्प्रे घेऊ नका. तो कापडावर चिकट पापुद्रा करतो, धूळ धरतो आणि वाफेची वाट बंद करतो. मेणबत्ती घासून इस्त्री करायचा उपाय जाड सुती कॅनव्हाससाठी आहे, तो इथे आणू नका.

पाण्यावर आधारित बहुतेक स्प्रे नुकत्या धुतलेल्या, ओल्या जॅकेटवरच मारायचे असतात. बाटलीवर तसं असेल तर जॅकेट साध्या पाण्याने भिजवून निथळवा. गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत टांगा आणि तोंडाला मास्क लावा. हे बारीक तुषार फुप्फुसात जाणं चांगलं नाही, बंद बाथरूममध्ये तर मारूच नका. पंधरा-वीस सेंटीमीटर अंतरावरून सारखा फवारा. खांदे, बाह्यांची वरची बाजू, मनगटं, टोपी आणि कमरपट्ट्याची जागा यांना दुसरा हात द्या. दोन-तीन मिनिटांनी ओल्या फडक्याने जादा थेंब टिपून घ्या. हे राहिलं तर गडद रंगावर पांढरे ओघळ वाळतात आणि मग जात नाहीत. वाळवा, आणि बाटलीवर उष्णता सांगितली असेल तर तीच पंचा घालून इस्त्री. काही उत्पादनं उष्णतेशिवायही बसतात, पण लेबल चालू देत असेल तर मी उष्णता देतोच. थर जास्त सारखा बसतो.

दुरुस्त्या स्प्रेच्या आधी, धुतल्यानंतर लगेच करून घ्या. स्प्रे बसल्यावर गोंद धरत नाही. करवंदीच्या काट्याने पडलेलं भोक असेल तर स्वतः चिकटणारं नायलॉनचं ठिगळ आणा, कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी उचलतो), जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दाबून बसवा. चोवीस तास हलवू नका. सुटलेल्या शिवणीवर आतून युरेथेनचा शिवण-गोंद अगदी पातळ लावायचा. झटपट चिकटवणारे गोंद वाळल्यावर काचेसारखे कडक होतात, घडी पडली की तिथेच तडकतात, आणि ठिगळ आणखी मोठं लावावं लागतं. चेनमधली माती जुन्या टूथब्रशने काढा.

पुढच्या पावसाळ्यासाठी: दर ट्रेकनंतर नुसत्या पाण्याने माती आणि घाम काढून पंख्याखाली वाळवा, सीझनमध्ये दोनदा क्लीनरने धुवा, दर वेळी उष्णता द्या. मग स्प्रे वर्षाला एकदा पुरतो. पाऊस संपला की पूर्ण वाळवून कपाटात हँगरवर सैल टांगा. स्वतःच्या पिशवीत कोंबून नाही, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये नाही, आणि डांबरगोळ्या खिशात टाकून तर नाहीच. शेजारी सिलिका जेलच्या चार पुड्या असल्या तर बरं. समुद्राजवळ राहत असाल तर महिन्यातून एकदा कपाट उघडून हवा लागू द्या.

आणि नवीन घ्यायचं का? लेपाची चाचणी पास झाली असेल तर नाही. डिसेंबरातल्या केदारकंठाला तुमच्या जॅकेटची परीक्षा जुलैतल्या हरिश्चंद्रगडापेक्षा सोपी असते. कोरडा बर्फ झटकला की पडतो, आणि थंड, कोरड्या हवेत वाफ बाहेर जायला जोर मिळतो. हेच जॅकेट तिथे अचानक ‘सुधारल्यासारखं’ वाटेल. त्रास होतो तो बर्फात बसल्यावर आणि गुडघे टेकल्यावर, कारण दाबाखाली पाणी आत शिरतं. म्हणून स्प्रेमधला उरलेला भाग वरच्या पँटच्या गुडघ्यांना आणि बसायच्या जागेला मारा, अर्थात तीही आधी धुऊन.

हे सगळं आत्ता, ऑक्टोबरातच करा, म्हणजे काही चुकलं तर पुन्हा करायला वेळ राहील. निघायच्या पंधरा दिवस आधी आत राखाडी रंगाचा सुती टी-शर्ट घाला. त्यावर ओल लगेच गडद दिसते. वर जॅकेट घालून, टोपी आणि मनगटं बांधून पाच मिनिटं शॉवरखाली स्थिर उभे राहा. हालचाल केली नाही की घाम येत नाही, त्यामुळे टी-शर्टवर जे दिसेल ते बाहेरचंच पाणी. डाग खांद्याच्या शिवणीवर आला तर पट्टी बघा, छातीच्या मधोमध आला तर चेन, आणि नुसती कॉलर-मनगटं ओली झाली तर जॅकेट ठीक आहे, बांधायलाच सैल राहिलंय.